सरदाराची तिसरी मुलगी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी सरकारी कागदावर सही करून सांगितलं, की मी जन्मालाच आलेले नाही. मजकूर असा: माझ्या वडिलांच्या मागे पत्नी आणि एक मुलगा, याखेरीज त्यांना कोणीही वारस नाही, हे आम्ही पंच स्वतः जाणतो. खाली सही माझी. ठसठशीत, वह्या तपासून तपासून वळण लागलेली. कोणी बळजबरी केली नव्हती. शाळेच्या मधल्या सुट्टीत, हातात पोळीचा घास असताना मी ती केली आणि वर भावाला म्हणाले, "दोन घास खाऊन जा रे."

हे सगळं मला कळलं ते एका इंग्रज सरदारामुळे, जो मरून सातशे वर्षं झाली आहेत. तेव्हा त्याच्यापासूनच सांगते.

मी गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासाला इतिहास शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन इंग्लंडात गेली. तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. आपलं घराणं एका मध्ययुगीन सरदारापर्यंत जाऊन पोचतं, अशी त्यांची खात्री आहे. त्यांना त्या सरदाराचा वंश आणि त्याच्या जमिनी, दोन्हींचा पक्का तक्ता हवा होता, आणि डोळे अधू झालेले. मुलीने माझं नाव सुचवलं. तेव्हापासून ते जुन्या दप्तरांचे इंग्रजीत छापलेले सारांश मला पाठवतात, आणि मी रविवारी सकाळी ते वाचून रकाने भरते: माणूस, गाव, जमीन, वर्ष, वारस. माझा नवरा मसाटच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो चहाचा कप ठेवताना विचारतो, "काय, आज कोणतं गाव जिंकलं तुझ्या सरदाराने?"

गाव जिंकायचा प्रश्न नव्हता. सरदार आजारी पडून अंथरुणात मेला होता. तिकडची पद्धत अशी, की राजाकडून जमीन धरणारा माणूस मेला की राजाचा अधिकारी त्या मुलखात यायचा, तिथली बारा माणसं गोळा करायचा, त्यांना शपथ घालायचा आणि विचारायचा: मेला कधी? जमीन कुठे कुठे होती? जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय? हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. हा तर आपला पेढीनामा! आमच्याकडेही माणूस गेला, की त्याच्या जमिनीवर वारसांची नावं लावण्याआधी तलाठी पंचांना बसवतो आणि मयताचं कुटुंब त्यांच्या तोंडून लिहून घेतो. बाराऐवजी तिघं, एवढाच फरक.

सरदाराच्या पाच गावांत जमिनी होत्या. शिवाय एक पाणचक्की आणि नदीकाठचं गवताचं कुरण. मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. मुलगा असता तर सगळं त्यालाच गेलं असतं, तेव्हा त्या लोकांना डोक्यावर घेऊन नाचायचं मला काही कारण नाही. पण मुलगा नव्हता आणि तिघींना सारखे वाटे झाले. पाणचक्कीचेसुद्धा तीन वाटे. बारा माणसांनी तिघींची नावं सांगितली, वयं सांगितली, कारकुनाने ती लिहून घेतली. मोठी बावीस, मधली एकोणीस, धाकटी सतरा.

तक्ता भरत गेले. मोठीची मुलं, नातवंडं. मधलीची मुलं. धाकटीपुढे मी लिहिलं, "विवाह", नवऱ्याचं नाव टाकलं आणि खाली रेघ ओढली.

सहा महिन्यांनी म्हाताऱ्यांचं पत्र आलं. भाषा अगदी नम्र. पाणचक्कीचा हिशोब जुळत नाही, तिसरा वाटा कुठेच दिसत नाही. शेवटी एक वाक्य: धाकट्या बाई कुठे गेल्या? त्या वारल्याची नोंद तर नाही.

मला राग आला. मी इतिहास शिकवणारी बाई, माझ्या तक्त्यात खोट काढतात म्हणजे काय! तक्ता उघडला आणि बघत बसले. लग्नं तिघींची झाली होती. पण मोठ्या दोघींचे नवरे सासऱ्याच्याच मुलखात येऊन राहिले होते, म्हणून त्यांचे रकाने मी चालू ठेवले होते. धाकटी लांबच्या परगण्यात दिली होती, म्हणून तिचा बंद केला. कोणत्या नियमाने? नियम कुठेच नव्हता. मुलगी लांब दिली की रकाना संपला, हे माझ्या हाताला माझ्याआधी ठाऊक होतं.

मग मी तिचा शोध घ्यायला लागले. तिच्या नावाने शोधून ती सापडेना, कारण लग्नानंतर कारकून तिला नुसतं "आणि त्याची पत्नी" म्हणतात. म्हणून मी तिच्या जमिनीच्या मागे लागले. पाणचक्कीचा तिसरा हिस्सा आणि कुरणाचा वरचा तुकडा कोणाच्या हातात दिसतो, ते वर्षावर्षाने बघत गेले. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी ती सापडली, म्हातारी, विधवा आणि खवळलेली. नवऱ्याने तिचं कुरण तिला न विचारता कोणाला तरी देऊन टाकलं होतं. तो जिवंत होता तोवर ती गप्प राहिली. तो मेल्यावर तिने दावा लावला. अशा दाव्याचा तिकडे ठरलेला मसुदाच होता आणि त्याचं नाव त्यातल्या सुरुवातीच्या शब्दांवरून पडलं होतं. अर्थ साधारण असा: ज्याच्या हयातीत तिला त्याला विरोध करता आला नाही. म्हणजे बघा, इतक्या बायकांवर ही पाळी येत होती, की दर वेळी नव्याने लिहायला नको म्हणून मसुदा तयार ठेवला होता.

मी म्हाताऱ्यांना कळवलं, बाई सापडल्या. त्यांना कोण आनंद झाला. पंचांच्या जबाबाची पद्धत आमच्याकडे अजून आहे, असं मी सहज लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, एखादा नमुना बघायला मिळेल का? कुतूहल म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर लगेच वडिलांचा पेढीनामा आला. एका रविवारी सकाळी मी भावजयीला फोन केला. तिच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या. तिने कपाट उघडून कागदाचा फोटो पाठवला.

कागद गुजरातीत होता, आणि गुजराती मला उत्तम वाचता येतं. या गावात जन्म गेला आहे माझा. सहीच्या दिवशीही येत होतं, पण तेव्हा मी वाचलं नव्हतं. भाऊ शाळेत आला होता आणि म्हणाला होता, "ताई, पंच म्हणून एक सही हवी. शेजारचे काका गावाला गेलेत." मी म्हटलं होतं, "घरचं माणूस पंच चालतं का?" त्यावर तो हसून म्हणाला होता, "तुझं आडनाव वेगळं आहे ना. तिथे तुला कोण ओळखतंय?" आणि मीसुद्धा हसले होते. हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. मी हसले होते!

आणि आडनावच कशाला? लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून माझ्या नवऱ्याकडून अंगठीने त्यात नवं नाव लिहून घेतलं. पहिलं नाव गेलं, मधलं वडिलांचं गेलं, आडनाव गेलं. दोन नावं शेजारी ठेवली तर या दोन बायकांचा एकमेकींशी काडीचा संबंध लागत नाही. मला तेव्हा ते नवं नाव आवडलंही होतं. सनई वाजत होती, फोटो निघत होते, कशाला कोणाला काही खटकेल?

फोटो मोठा करून खालच्या सह्या पाहिल्या. माझ्या सहीखाली दुसऱ्या पंचाची सही होती. ती माझ्या नवऱ्याची होती.

नवरा तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "तू वाचलं होतंस हे?"

"वाचलं ना. न वाचता सही करतो का मी?" कारखान्यात कागदावर सही करताना तीनदा वाचणारा माणूस तो.

"मग?"

"माले वाटलं तुला माहीत आहे. तुमचं भावाबहिणीचं ठरलं असंल. आपुन कायले मधी पडा?"

मी त्याच्या हातातला ओला शर्ट घेऊन बादलीत आपटला. पाणी दोघांच्या अंगावर उडालं. तो धुळ्याकडचा माणूस, आवाज चढवत नाही. "टेन्शन नको घेऊ," एवढंच म्हणाला.

आता ही जमीन काय आहे ते सांगते. वडील कोकणातून इथे मास्तर म्हणून आले. गावाला लागून असलेल्या सामरवरणीला त्यांनी बिनशेतीचा तुकडा घेतला तेव्हा तिकडे गवत आणि ताडाची झाडं होती. शाळेतली मोजपट्टी आणून त्यांनी तो स्वतः मोजला होता. पट्टीचं दुसरं टोक धरून मी उभी होते, सात वर्षांची, पायाला मुंग्या चावत होत्या आणि वडील ओरडत होते, "हलू नकोस!" भाऊ तेव्हा पाळण्यात होता. पुढे तिथे त्यांनी बैठं घर बांधलं. आज चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि भावाचं एका बिल्डरशी बोलणं झालं आहे. घर पडणार, वर सहा मजले चढणार, दोन फ्लॅट भावाचे. ही बातमी मला त्याच रविवारी भावजयीकडून कळली. उताऱ्यावर नावं चढायची बाकी होती आणि हरकत घ्यायला थोडेच दिवस उरले होते.

मी स्कूटर काढली आणि सामरवरणीला गेले. भाऊ अंगणात गाडी पुसत होता. मी सरळ विचारलं, "मी कोण आहे तुझी?"

"काय झालं ताई?"

मी फोटो दाखवला. तो जराही गडबडला नाही, याचा मला जास्त राग आला. "अगं, ही नुसती प्रोसिजर आहे. नावं कमी असली की काम लवकर होतं. तुला काय कमी आहे? दोघं कमावता. आणि आईला मी सांभाळतो."

तो आईला सांभाळतो, हे खरं आहे. तिची औषधं, तिचा दवाखाना, तिचं पथ्य, सगळं तो आणि भावजय करतात. मी रविवारी जाऊन दोन तास बसते आणि परत येते. हे मी नाकारत नाही. मी म्हटलं, "मला विचारलं असतंस तर मी कदाचित सोडलंही असतं."

"तेच तर म्हणतोय," तो म्हणाला. "सोडलंच असतंस. मग विचारायचं कशाला?"

आयुष्यात मला खूप लोक वाईट बोलले आहेत. शाळेत पालक बोलतात, साहेब बोलतात. पण याच्याइतकं वाईट मला कोणी बोललेलं नाही, आणि ते तो अगदी प्रेमाने बोलला. मला जमीन हवी होती का? हवी होती. मला फक्त नाव पाहिजे, बाकी काही नको, असला मोठेपणा मी करणार नाही. बाप दोघांचा होता, कायदा दोघांना सारखा धरतो, मग वाटा नको असं मी का म्हणायचं? चांगली मुलगी दिसावं म्हणून?

आई आतून दारात आली. "काय गो, सकाळी सकाळी एवढा आवाज? लोकं बघतायत."

"आई, तुला माहीत होतं?"

ती पदर सारखा करत राहिली. "तुला दिली तेव्हा सगळं दिलं होतं गो. आता त्याचं त्याला राहू दे."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तलाठ्याकडे हरकत अर्ज घेऊन गेले. तलाठी तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने अर्ज वाचला, फाइल काढली, पेढीनामा वाचला, मग पुन्हा अर्ज वाचला. "बेन, आ पंचमां सही कोनी छे?"

"माझी."

"अने हरकत पण तमारी?"

"हो."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टायपिंग थांबवलं. तलाठी गोंधळून हसला, मग गंभीर झाला. खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरच येऊ शकतं, म्हणाला. येऊ दे, मी म्हटलं. मी शाळा सोडल्याचा दाखला काढला, त्यावर एक नाव. आधार कार्ड काढलं, त्यावर दुसरं. लग्नाचा दाखला आम्ही काढलेलाच नाही, आमच्या वेळी कोण काढत होतं? लग्नपत्रिकेवर माहेरचं नाव होतं, पण त्या नावाच्या मुलीचं पुढे काय झालं, हे पत्रिकेवर कुठून असणार?

"आ बे बेन एकज छे, हे कोण सांगणार?" तलाठी आमची सगळ्यांची भाषा मिसळून बोलतो.

"मी सांगते ना."

"तमारुं तो एक वखत सांभळी लीधुं," तो म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण बरोबर होतं त्याचं. या बाईच्या शब्दावर एकदा विश्वास ठेवून झाला होता. मग कोण चालेल, मी विचारलं. आईला घेऊन या, तो म्हणाला. आईने जबाब दिला की पुरे.

चार दिवसांनी भाऊ आईला गाडीतून घेऊन आला. मी आधीच येऊन बसले होते. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तलाठ्याने विचारलं, "माजी, तमारे संतान केटलां?"

आईने भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. "मुलगा एक," ती म्हणाली.

"आ बेन तमारां शुं थाय?"

"दिलेली मुलगी आहे."

"दिलेली, ते ठीक. दीकरी खरी ने?"

आईने पाण्याचा पेला पुन्हा उचलला. मला तिथेच, त्या टेबलापाशी, तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. मी म्हटलं, "माझं नाव बदललं म्हणून मी नाहीशी झाले का? मग तुझंही बदललंच असेल. तू कुठे गेलीस? काय होतं तुझं नाव, लग्नाच्या आधी?"

आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी हे तिला टोचायला विचारत होते, पण उत्तर मला खरोखरच माहीत नव्हतं. एकोणपन्नास वर्षांची मी. बावीस, एकोणीस आणि सतरा वर्षांच्या त्या तीन परक्या मुलींची नावं मला झोपेत उठवलं तरी सांगता येत होती. एकीसाठी मी चार रविवार घालवले होते. आईला मी कधी विचारलंच नव्हतं. भावाकडे पाहिलं, त्यालाही माहीत नव्हतं.

आईलाही ते चटकन आठवेना. तिचे ओठ हलले, थांबले. मग तिने नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी देतात तसं. तलाठी म्हणाला, त्याची जरूर नाही माजी, फॉर्ममध्ये त्याला जागा नाही.

"असू दे," आई म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "लिवा. ही पण माझीच. मोठी."

भाऊ उठून बाहेर गेला. तलाठ्याने जबाब लिहिला, वाचून दाखवला, कागद आईपुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. आईने पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. तलाठ्याने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "माजी, आ नहीं चाले. आधारवर आहे ते नाव लिहा."

तिने लग्नाआधीचं नाव लिहिलं होतं. चुकून की मुद्दाम, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. मी तलाठ्याला म्हटलं, राहू द्या ते, दोन्ही नावं लिहू द्या. तो म्हणाला, बेन, तुमचंच काम अडेल. माझं काम अडेल, हे ऐकून मी गप्प बसले. मी! आईने निमूटपणे त्या नावावर रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं केली आणि खाली दुसरं नाव लिहिलं.

नव्या पेढीनाम्याची आणि जबाबाची नक्कल मी मागून घेतली. भाऊ माझ्याशी बोलत नाही, बिल्डर थांबला आहे, नवरा हल्ली कागद मला आधी वाचून दाखवतो. वारसांच्या यादीत माझं नाव लागलं आहे. आणि जबाबाच्या तळाशी आईचं आहे, माझ्यासमोर, माझ्या कामासाठी खोडलेलं, पण नीट वाचता येतं.